शिक्क्यामागचे हात : राजगडाचा फड आणि भोरचे पंतसचिव

आजचा धागा जरा लांब आहे. सवडीने वाचावा.

भोर तालुक्यात रांझे नावाचे गाव आहे. शिवकाळात ते खेडेबारे तरफेत मोडत असे. या गावचा मोकदम बाबाजी बिन भिकाजी गुजर याने एका स्त्रीशी ‘बदअमल’ केला. शिवरायांनी चौकशी केली, गुन्हा शाबीत झाला आणि पाटलाचे हातपाय तोडण्यात आले. पाटीलकी त्याच्याकडून काढून सोनजी बजाजी गुजर या त्याच्याच गोतातल्या माणसाला देण्यात आली, कारण अपंग झालेल्या बाबाजीला सांभाळण्याची तयारी त्याने दाखवली. हा सारा मजकूर २८ जानेवारी १६४६ च्या पत्रात आहे. राजमुद्रा उमटलेल्या शिवरायांच्या अस्सल पत्रांतले हे सर्वांत जुने म्हणून अभ्यासकांना परिचित आहे.

या पत्रावर शेकडो व्याख्याने झाली. त्यावरचा अष्टकोनी शिक्का आज सदऱ्यांवर, गाड्यांच्या काचांवर, भ्रमणध्वनीच्या आवरणांवर दिसतो. पण बोरू दौतीत बुडवून ज्याने ते वाक्यामागून वाक्य उतरवले, तो कारकून कोण होता?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु आपण सारे तो रोज दुसऱ्या रूपात विचारत असतो. एखाद्या दूधसंघाच्या, बँकेच्या किंवा पोलीस खात्याच्या अधिकृत खात्यावरून झणझणीत उत्तर येते आणि खाली शेकडो लोक लिहितात, ‘या ॲडमिनचा पगार वाढवा!’ नाव कोणालाच ठाऊक नसते. आवाज संस्थेचा, शब्द मात्र कुणा एकाचे. संस्थेच्या नावाने बोलणाऱ्या माणसाचा सन्मान संस्थेने कसा करावा, हा प्रश्न जाहिरातीच्या जगाला आज पडला आहे. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या इतिहासात तो साडेतीनशे वर्षांपूर्वीच उभा राहिलेला दिसतो. त्याची उत्तरेही तिथे मिळाली. त्यांतली काही उदार होती, काही भयंकर.

प्रथम वेल्ह्याकडे वळू. या तालुक्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे. तोरणा आणि राजगड हे दोन्ही गड इथलेच. मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला आणि रायगडावर राजधानी हलेपर्यंत, म्हणजे सुमारे पाव शतक, स्वराज्याचा कारभार इथून चालला. राजगडावर गेलेल्यांना बालेकिल्ल्याचा दरवाजा आठवतो, सुवेळा माचीचे नेढे आठवते. पद्मावती माचीवरच्या सदरेपाशी फार कोणी रेंगाळत नाही. वास्तविक राज्य म्हणून जे काही होते, ते तलवारीइतकेच अशा सदरेवरून सुटणाऱ्या कागदांतून चाले. कोणत्या गडाला किती दाणागोटा, कोणत्या देशमुखाला अभय, कोणत्या पाटलाला ताकीद, हे सारे कागदावरच.

हा कागद तयार कसा होई, ते पाहणे मोठे उद्बोधक आहे. लेखनिक प्रथम पानावर शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली मोडी अक्षरे सलग, बोरू शक्य तितका कमी उचलून, लिहीत जाई. मजकूर लांबला की कागदाला कागद चिकटवून पट्टी वाढवायची आणि मधल्या सांध्यावर पाठीमागून शिक्का मारायचा, म्हणजे कोणी मधला तुकडा बदलू शकणार नाही. पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा. शेवटी, मजकूर जिथे संपला तिथेच, ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा. तिच्यापुढे कोणी एक अक्षरही घुसडू नये यासाठी. आणि या दोहोंच्या आसपास, कधी पाठीवर, बारीक शेरे असत : ‘रुजू’, ‘सुरू सूद’, ‘बार सूद’.

या शेऱ्यांकडे मोडी शिकणारी मुलेही पुष्कळदा दुर्लक्ष करतात. यातला ‘सूद’ म्हणजे फारसी ‘शुद’, म्हणजेच ‘झाले’. पत्र ताडून पाहिले गेले, चालू झाले, दप्तरी नोंदले गेले, अशा अर्थाच्या या खुणा आहेत. ‘मोर्तब सूद’ हाही त्यातलाच. आपल्या बोलण्यातले ‘शिक्कामोर्तब’ तिथूनच आले. या खुणांत व्यक्तीचे नाव नाही, पण टप्पा आहे आणि टप्प्यामागे माणूस आहे. राजाच्या नावाने निघालेला कागद एकट्या राजाचा नसतो, ही गोष्ट तो कागदच आपल्या अंगावर मान्य करतो. माझ्या मते शिवकालीन फडाचे हे सर्वांत आधुनिक लक्षण होय. आजच्या किती कंपन्यांच्या जाहीर निवेदनावर ते कोणी तपासले याची एवढी तरी खूण असते?

आता माणसांकडे येऊ. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस. स्वराज्याच्या चिटणिसांत पहिले नाव बाळाजी आवजी यांचे. त्यांचे घराणे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या सेवेत होते. सिद्दीच्या रोषामुळे घरावर घाला आला आणि कुटुंब राजापुराकडे फेकले गेले, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. तिथून तरुण बाळाजींनी आपली हकीकत लिहून शिवरायांकडे पाठवली. महाराजांनी ते वळणदार अक्षर आणि ती नेटकी मांडणी पाहिली आणि या कुटुंबाला सोडवून बाळाजींना पदरी घेतले, अशीही कथा आहे. तपशिलांत बखरींचे एकमत नाही. पण एका माणसाची अवघी कारकीर्द त्याच्या अक्षरावरून सुरू झाली, ही कल्पना तरी त्या काळाच्या मनात रुजलेली होती.

दुसरी आख्यायिका अधिक प्रसिद्ध आहे. महाराजांनी सकाळी एका महत्त्वाच्या पत्राचा मजकूर सांगितला. दिवसभराच्या धांदलीत बाळाजींना लिहायला फुरसत मिळाली नाही. रात्री विचारणा झाली, ‘पत्र झाले का? वाचा.’ बाळाजींनी कागद समोर धरला आणि घडाघडा वाचून दाखवले. जवळ उभा असलेला मशालजी हसला, कारण त्याला उजेडात कागद कोरा दिसत होता. महाराजांना कळले, पण ते रागावले नाहीत, प्रसन्न झाले.

ही कथा अक्षरशः घडली असेलच असे नाही. पण तिच्यातला मशालजी मला फार महत्त्वाचा वाटतो. तो नसता तर कोरा कागद कोणालाच कळला नसता आणि बाळाजींचे कसबही कळले नसते. चांगले लेखन करणाऱ्याची गोम अशी, की काम उत्तम झाले तर ते त्याचे वाटतच नाही, मालकाचे वाटते. कोणीतरी मशाल धरून जवळ उभे असावे लागते.

बाळाजींच्या जोडीला फारसी पत्रव्यवहाराचे पारसनीस होते. १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा लादला, तेव्हा शिवरायांच्या नावाने त्याला गेलेले निषेधाचे पत्र आपण सर्वांनी कुठे ना कुठे वाचलेले असते. ते बाणेदार फारसी नीलप्रभू मुनशी यांच्या लेखणीतून उतरले, असे इतिहासकार मानतात. विचार आणि धाडस महाराजांचे. पण त्या विचाराला मोगल दरबाराच्या कानाला बोचेल अशा फारसीत बसवणे हे वेगळेच कौशल्य होते. आपण पत्र उद्धृत करतो आणि मुनशींचे नाव गाळतो.

१६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, अष्टप्रधानांना संस्कृत पदनामे मिळाली. मुजुमदार अमात्य झाले, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत आणि सुरनीस सचिव. यातले सचिव हे पद आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास ठरलेल्या कानूजाबत्यात प्रधानांची कामे सांगितली आहेत. त्यात सचिवाकडे राजपत्रे शोधून पाहण्याचे, कमीजास्त अक्षर व मजकूर शुद्ध करण्याचे आणि त्यावर आपले चिन्ह करण्याचे काम आहे. राजाच्या नावाने निघणाऱ्या पत्रातला शब्द बदलण्याचा अधिकार एका सेवकाला, तोही लेखी! राज्याभिषेकसमयी हे सचिवपद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते.

बाळाजी आवजी मात्र अष्टप्रधानांत नव्हते. घराण्याच्या बखरीची साक्ष अशी, की महाराजांनी त्यांना प्रधानपद देऊ केले होते आणि त्यांनी त्याऐवजी चिटणिशी वंशपरंपरेने मागून घेतली. ही घरचीच साक्ष असल्याने थोडी राखून घ्यावी. तरी चिटणिशी पुढे याच कुळात राहिली, हे निश्चित. मोडीच्या एका देखण्या वळणालाही ‘चिटणिशी’ हे नाव पडले. जाता जाता एक गंमत : आज मराठीत मंत्रालयात बसतात ते ‘सचिव’ आणि राजकीय पक्षात असतात ते ‘सरचिटणीस’. राजगड-रायगडाच्या फडावरची तपासणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची ही दोन पदे अजून एकमेकांत मिसळलेली नाहीत.

इथवर गोष्ट गोड आहे. पुढचा भाग तसा नाही.

शिवरायांच्या निधनानंतर गादीवरून तंटा झाला. संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाचा आरोप आला आणि १६८१ मध्ये अण्णाजी दत्तो, त्यांचे बंधू सोमाजी, हिरोजी फर्जंद आणि बाळाजी आवजी यांना सुधागडाच्या परिसरात, परळीखाली, हत्तीच्या पायी देण्यात आले. अण्णाजींचा कटातला सहभाग बहुतेक अभ्यासक मान्य करतात. बाळाजींबाबत मात्र मतभेद आहेत. चिटणीस घराण्याची बखर त्यांना निर्दोष ठरवते आणि येसूबाईंनी संभाजीराजांना या शिक्षेबद्दल बोल लावला असे सांगते. मी इथे निवाडा देत नाही. लक्षात घेण्याजोगे एवढेच, की पत्र लिहिणारा आणि पत्र तपासणारा या दोघांचाही अंत एकाच ठिकाणी झाला. ज्याच्या हाती राज्याचा शब्द, त्याच्यावर संशय पहिला. वादळ उठले की ‘खाते सांभाळणाऱ्याची चूक’ असे निवेदन काढून मोकळी होणारी आजची संस्था याच जुन्या वाटेने चालते. कामाच्या दिवसांत निनावी राहिलेला माणूस नेमका तेवढ्यापुरता उजेडात आणला जातो.

संभाजी महाराजांनी चिटणिशी पुढे बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांच्याकडेच ठेवली. ज्यांच्या हुकुमाने वडील गेले, त्यांच्याच नावाने मुलाने पत्रे लिहिली. नंतर राजाराम महाराजांसोबत ते जिंजीला गेले. जिंजीच्या वेढ्यातून राजारामांना बाहेर काढण्यासाठी शिर्क्यांची मदत हवी होती. त्यासाठी खंडो बल्लाळांनी आपले वतन सोडून दिले, असे परंपरा सांगते. याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणिसांनी पुढे शिवछत्रपतींची बखर लिहिली. लेखनिकाच्या वंशजाच्या हाती अखेर लेखणी स्वतःची गोष्ट सांगण्यासाठीही आली. म्हणूनच तर कोऱ्या कागदाची कथा आपल्यापर्यंत पोहोचली.

आता सचिवपदाचे काय झाले ते पाहू, कारण त्यातूनच भोर उभे राहिले.

राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण गांडेकर यांच्याकडे आले. छत्रपती दूर जिंजीला, मुलूख मोगलांच्या टाचेखाली. मावळच्या देशमुखांना स्वराज्यात टिकवून धरणारी, वतनांची हमी देणारी पत्रे या काळात मोठ्या संख्येने सुटली. रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण हे दोघे हा गाडा ओढत होते. शंकराजी लेखणीपुरते थांबले नाहीत. मावळातले गड परत घेण्यातही ते आघाडीवर होते. पत्रातला काना-मात्रा सुधारणाऱ्या पदावरचा माणूस आता स्वतः फौज चालवू लागला.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ताराबाईंनी आपल्या पुत्राच्या बाजूने राहण्याची शपथ सरदारांकडून घेतली होती. शंकराजी त्या शपथेत अडकले. शपथ मोडवेना, आणि संभाजीपुत्रावर शस्त्र धरवेना. त्यांनी भोरजवळच्या आंबवडे येथे आपले जीवन संपवले. त्यांची समाधी तिथे आहे. नागेश्वराच्या मंदिराकडे जाणाऱ्यांनी तिच्यापाशी घटकाभर थांबावे. ज्याचा आयुष्यभराचा व्यवसाय दुसऱ्याच्या शब्दाला नेमकेपणा देण्याचा, तो स्वतः दिलेल्या एका शब्दापायी गेला.

शाहू महाराजांनी त्यांच्या लहानग्या मुलाला, नारो शंकर यांना, सचिवपद कायम केले. त्या पदाबरोबरचा मुलूख म्हणजे पुढचे भोर संस्थान. त्याचे तालुके पाहा : विचित्रगड (म्हणजे रोहिडा), राजगड, प्रचंडगड (म्हणजे तोरणा), पवनमावळ आणि सुधागड. ज्या राजगडाच्या सदरेवरून पत्रे सुटली तो गड आणि ज्या सुधागडाच्या छायेत जुना सुरनीस व चिटणीस मारले गेले तो गड, दोन्ही पत्रे तपासणाऱ्या पदाच्या वारसांकडे आले. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तोवर इथले राजे ‘पंतसचिव’ म्हणूनच ओळखले जात. जगात राज्ये तलवारीच्या नावाने झाली, देवाच्या नावाने झाली. मसुदा शुद्ध करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्याने ओळखले जाणारे राज्य विरळाच.

सेवकाच्या गौरवाची यापेक्षा मोठी पावती कोणती? तरी मला या गौरवात एक खोट दिसते. पद वंशपरंपरेचे झाले आणि पत्रे तपासणे मागे पडले. पंतसचिव संस्थानिक झाले; कागद पुढे सरकवणारे हात निराळे, पुन्हा निनावीच. मान घराण्याला चिकटला आणि कामापासून सुटला. आजही हेच घडते : मोहीम गाजली की पारितोषिक घ्यायला व्यासपीठावर विभागप्रमुख जातो, ओळ सुचलेला मुलगा मागच्या रांगेत टाळ्या वाजवतो.

याच्या उलट उदाहरणेही आहेत, आणि ती दूरची नाहीत. मुंबईच्या रस्त्यांवर अमूलच्या फलकांची मुलगी १९६६ पासून चालू घडामोडींवर कोटी करत आली आहे. तिच्यामागे सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस होते, पुढे राहुल दाकुन्हा, ओळी रचणारे मनीष झवेरी आणि रेखाटणारे जयंत राणे आले, हे वाचकांना ठाऊक आहे, कारण ही नावे लपवली गेली नाहीत. २०२३ मध्ये सिल्व्हेस्टर दाकुन्हा वारले तेव्हा अमूलने त्यांना जाहीर श्रद्धांजली वाहिली. इंग्लंडात रेडिंग येथे ग्रामीण जीवनाचे एक संग्रहालय आहे. २०१८ मध्ये त्याच्या खात्यावरून एका धष्टपुष्ट मेंढ्याचे जुने छायाचित्र मिस्कील ओळीसह झळकले आणि ते छोटे संग्रहालय जगभर पोहोचले. ती ओळ लिहिणारे ॲडम कोसारी नावानिशी प्रसिद्ध झाले. मेंढ्याच्या कीर्तीत लेखकालाही वाटा मिळाला. संग्रहालयाचे त्यात काहीच उणे झाले नाही.

म्हणजे जुना फड आणि नवे खाते यांत तीन गोष्टी शोधाव्यात. कागदावर लिहिणाऱ्या-तपासणाऱ्याची खूण आहे का? मालकाच्या मजकुरातले उणे-अधिक दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला आहे का? आणि संकट आले की तो एकटा पडतो का? राजगड-रायगडाच्या फडाने पहिल्या दोन परीक्षा उत्तम रीतीने दिल्या. तिसरीचा निकाल परळीखाली लागला.

शेवटी भोर तालुक्यातल्याच कारी या गावी जाऊ. रोहिडखोऱ्याच्या जेधे देशमुखांचे हे गाव. त्यांच्या दप्तरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. शके १५४० ते १६१९ पर्यंतच्या घटनांची ती तिथीवार टिपणे आहेत. शिवरायांची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही जन्मतिथी प्रस्थापित होण्यात या टिपणांचा मोठा वाटा आहे. १९ फेब्रुवारीची सुट्टी आपण घेतो ती त्याच तिथीच्या इंग्रजी तारखेने. अण्णाजी दत्तो आणि ‘बाळाजी प्रभू’ यांच्या मृत्यूची नोंदही याच शकावलीत आहे, कोरडी, एका ओळीची, विशेषण न लावता. आपल्या परिचयाच्या लेखनिकाचा अंत दुसरा लेखनिक नोंदवतो आहे.

ही शकावली कोणी लिहिली, हे तीत कुठेही लिहिलेले नाही.